२० ऑगस्ट आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं काम : सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून फोन सुरू होतात. कधी मुख्याध्यापक असतात, कधी एनएसएसचे प्राध्यापक, कधी गणेश मंडळाची पोरं, कधी एखाद्या वाडीचे सरपंच. म्हणणं एकच : २० ऑगस्टला डॉक्टरांच्या स्मृतिदिनाचं काहीतरी करायचंय, काय करू? त्यामागोमाग जे प्रश्न येतात ते इथे उत्तरांसकट मांडले आहेत. उत्तरं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करणाऱ्या माणसाची आहेत, त्यामुळे मतंही आहेत.

डॉ. दाभोलकर आमच्याकडचेच का?

हो, आणि साताऱ्याइतकाच सांगलीचाही त्यांच्यावर हक्क आहे. जन्म १ नोव्हेंबर १९४५, सातारा. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. थोरले बंधू देवदत्त दाभोलकर शिक्षणतज्ज्ञ, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. शाळा साताऱ्याची न्यू इंग्लिश स्कूल, कॉलेज सांगलीचं विलिंग्डन, आणि एमबीबीएस मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून. शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे ते कर्णधार होते, बांगलादेशाविरुद्ध भारताकडून खेळले, शिवछत्रपती पुरस्कार मिळवला. पुढे साताऱ्यात बारा वर्षं दवाखाना चालवला. बाबा आढावांच्या 'एक गाव, एक पाणवठा' चळवळीतून ते सामाजिक कामात आले आणि १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. साताऱ्यातल्या 'परिवर्तन' संस्थेचं व्यसनमुक्तीचं कामही त्यांचंच. १९९८ पासून अखेरपर्यंत साने गुरुजींच्या 'साधना' साप्ताहिकाचे ते संपादक होते.

मुलांना हे सांगताना कबड्डीपासून सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगतो. 'थोर समाजसुधारक' म्हटलं की पोरं मागच्या बाकावर सरकतात. 'आपल्या साताऱ्याचा कबड्डीपटू' म्हटलं की कान टवकारतात.

आणि ते एकटेच उगवले नाहीत, हेही सांगा. ज्या मातीत सत्यशोधक समाज रुजला, ती ही माती. आगरकर कराड तालुक्यातल्या टेंभूचे, सावित्रीबाई नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच, कर्मवीर अण्णांची रयत शिक्षण संस्था इथलीच. समितीचे अध्यक्ष राहिलेले एन. डी. पाटील सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे.

खून कसा झाला? खटल्याचं काय झालं?

२० ऑगस्ट २०१३, मंगळवार. 'साधना'च्या कामासाठी ते पुण्यात होते. सकाळी फिरायला निघाले असताना ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वय ६७. त्या पुलाचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. अस्पृश्यता निवारणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाचा पूल.

तपास आधी पुणे पोलिसांकडे होता. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडलं. या खुनामागचे मुख्य सूत्रधार दुसरेच कोणी आहेत, असं न्यायालयानेच निकालात म्हटलं. म्हणजे अकरा वर्षांनी निम्मा न्याय. तेवढ्या काळात १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर हल्ला झाला आणि चार दिवसांनी ते गेले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, आणि २०१७ मध्ये बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांचेही खून झाले. कार्यक्रमात ही चारही नावं एकत्र घ्या.

ते देवाच्या विरोधात होते ना? आमच्या गावात यात्रा असते, वारी जाते. लोक ऐकून घेतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा मनापासून धास्तावलेला असतो. म्हणून जरा सविस्तर.

समितीची चतुःसूत्री अशी : शोषण करणाऱ्या, दिशाभूल करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध करणे, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार आणि अंगीकार करणे, धर्माची विधायक, कालसुसंगत चिकित्सा करणे, आणि व्यापक समाजपरिवर्तनाच्या चळवळींशी जोडून घेणे. यात देवाला नाकारा असं कुठेही नाही. डॉक्टर स्वतः नास्तिक होते आणि ते कधी लपवत नसत, पण समितीत देव मानणारे कार्यकर्ते पहिल्यापासून आहेत. माळ घातलेले वारकरीही आहेत. कोणाचा देव काढून घ्यायचा नाही. देवाच्या नावाने कोणी कोणाला लुबाडत असेल तर त्याचा हात धरायचा, एवढंच.

गावात बोलताना संतांपासून सुरुवात करा. नवसाने मुलं होत असती तर नवरा करायची गरज काय, हे विचारणारे तुकोबा आपलेच. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि संध्याकाळच्या कीर्तनात बोकड कापणाऱ्यांना जाब विचारायचे ते गाडगेबाबा आपलेच. गावच्या पारावर बसलेल्या सत्तरीच्या आजोबांना हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. त्यांनी ते लहानपणी ऐकलेलं असतं.

आणि एक पथ्य पाळा. ज्याची श्रद्धा आहे त्याला हसायचं नाही. वक्ता टाळ्या घेण्यासाठी नवस बोलणाऱ्या बाईची नक्कल करू लागला, तर कार्यक्रम तिथेच बिघडला असं समजा. डॉक्टरांची भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना आठवत असेल, आवाज न चढवता, समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडून मग ते मुद्द्याला हात घालत. ज्यांनी त्यांच्याविषयी वाट्टेल ते लिहिलं, त्यांनाही त्यांनी संविधानाच्या चौकटीतच उत्तर दिलं. अनुच्छेद २५ धर्माचं स्वातंत्र्य देतो, आणि अनुच्छेद ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगतो. दोन्ही एकाच संविधानात आहेत.

जादूटोणाविरोधी कायद्यात नक्की काय आहे?

१९९५ पासून डॉक्टर या कायद्यामागे होते. मसुदे बदलले, सरकारं बदलली, अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. खुनानंतर चार-सहा दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला आणि २० डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी.

कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा कलमं आहेत. सगळी इथे देत नाही, आपल्या भागात लागणारी सांगतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं. चमत्कार दाखवून पैसे उकळणं. गुप्तधन किंवा पाण्याचा शोध यासाठी अघोरी कृत्य, नरबळी. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, त्याची धिंड काढणं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं. अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून बाईचं लैंगिक शोषण करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

वारी, यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन, घरातली पूजाअर्चा यांना हा कायदा हात लावत नाही. तसं कायद्यातच लिहिलंय. तो परिच्छेद कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवा. निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात.

पण हे प्रकार आता राहिलेत कुठे? सगळे शिकलेत, हातात मोबाइल आहे.

जून २०२२. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ. एकाच कुटुंबातल्या नऊ जणांचे मृतदेह सापडले. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाला आणि त्याच्या साथीदाराला खुनाच्या आरोपाखाली अटक केली. मेलेल्यांत शिकलेली माणसं होती. शिक्षणाने अडचण संपत नाही. अडचणीत सापडलेला माणूस कोणाच्या दारात जातो हे महत्त्वाचं. कर्ज, मूल न होणं, घरातलं मानसिक आजारपण, पोरीचं न जमणारं लग्न, या चार दारांतून मांत्रिक घरात शिरतो.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

जवळच्या पोलीस ठाण्यात. गुन्हा दखलपात्र असल्याने थेट एफआयआर नोंदवता येतो. या कायद्याखाली पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला दक्षता अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात त्याचं नाव विचारा. पीडित व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक पुढे आले तर प्रकरण भक्कम होतं. तिऱ्हाइतालाही दक्षता अधिकाऱ्याला माहिती देता येते.

जाण्यापूर्वी हे जमवा : तारीख आणि ठिकाण, भोंदूने काय काय सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, पैसे दिल्याचा पुरावा (फोन-पेची नोंद असली तर उत्तम), व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, त्याची पत्रकं. व्हिडिओ काढून लगेच फेसबुकवर टाकू नका. पोस्टमुळे बाबा सावध होतो, दुकान हलवतो आणि पुरावा हातचा जातो. कोणी जिवाच्या धोक्यात असेल तर सरळ ११२.

ठाण्यात पहिल्यांदा गेल्यावर 'हे तुमचं आपसात मिटवा' असं ऐकायला मिळू शकतं. कायद्याची मराठी प्रत बरोबर ठेवा आणि नम्रपणे टेबलावर ठेवा. दोघंतिघं मिळून जा. बाईला तर कधीच एकटीला पाठवू नका.

जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर हाच कायदा लागतो का?

नाही, त्यासाठी वेगळा कायदा आहे : सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्यामागे समितीने २०१३ पासून चालवलेलं जातपंचायत मूठमाती अभियान आहे.

शाळेत कार्यक्रम करायचाय. भाषण सोडून काय करता येईल?

चमत्कार सादरीकरण करा. सामान स्वयंपाकघरात आणि परसात मिळतं.

सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळायच्या आणि पातं सुकू द्यायचं. मुलांसमोर लिंबू धरायचं, कोणाचीतरी 'करणी' आहे म्हणायचं आणि कापायचं. कापल्या फोडीवर लाल रस उतरतो. जास्वंदीचा रंग आंबट लागला की लाल होतो, एवढंच त्यात आहे. हळद लावलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीत बुडवलेला हात उमटवला की रक्ताळलेला पंजा दिसतो. नारळ आपोआप पेटतो, कारण शेंडीत पोटॅशियम परमँगनेट दडवलेलं असतं आणि 'तूप' म्हणून वर सोडतात ते ग्लिसरीन. हा शेवटचा प्रयोग फक्त शिक्षकांनी करायचा, मुलांना चार हात लांब ठेवून, शेजारी पाण्याची बादली भरून. या दोन्ही रसायनांचं नाव सांगा, पण वाटप करू नका.

नियम एक : दाखवलेला प्रत्येक चमत्कार तिथल्या तिथे उलगडायचा. उलगडा न करता घंटा झाली तर आपणच नवा बाबा तयार करून घरी पाठवतो.

खटाव तालुक्यातल्या एका शाळेत लिंबाचा उलगडा झाल्यावर सातवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मग आमच्या आजीनं आणलेलं लिंबू? आजी खोटं बोलली का?" वर्ग हसायच्या बेतात होता. शिक्षकांनी हात वर करून वर्ग थांबवला, खाली उतरून तिच्या बाकाशी गेले आणि म्हणाले, "आजी खोटं नाही बोलली. आजीला फसवलं. आजीला घरी जाऊन हे करून दाखव, पण रागावू नको." त्या मुलीने जास्वंदीची उरलेली फुलं मागून घेतली. प्रयोग कोणालाही जमतो. ते वाक्य मात्र प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हवं.

कॉलेजसाठी जरा वरच्या पातळीचं काही आहे?

फलज्योतिषाची चाचणी घ्या. २००८ मध्ये जयंत नारळीकर, दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात ती घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या, कोणती कोणाची ते ओळखायचं होतं. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही चाचणी आखायला लावा : नमुना किती हवा, कुंडल्या कोणाच्या ते परीक्षकालाही कळू नये यासाठी काय करायचं. अशी आखणी करताना त्यांना दाभोलकर दहा भाषणांपेक्षा जास्त कळतील.

गावात कोणाला साप चावला आणि घरचे मांत्रिकाकडे निघाले तर?

वाद घालत बसू नका, गाडी आणा. १०८ ला फोन करा. चावलेला अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. निघतानाच फोन करून साठा आहे का विचारून घ्या. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी. बाकी बहुतेक साप बिनविषारी, म्हणूनच मंत्राचा 'गुण' येतो. मण्यार रात्री झोपेत चावते, फारसं दुखतही नाही, आणि पहाटेपर्यंत श्वास अडतो. शेतात कापणी-लावणी करणाऱ्यांसमोर २० ऑगस्टला दुसरं काही बोलला नाहीत आणि एवढंच बोललात तरी चालेल. पावसाळ्याचे दिवस असतात, उपयोग त्याच आठवड्यात होतो.

घरात कपडे पेटतात, दगड पडतात. भानामती म्हणतात. काय करायचं?

समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा. हे प्रकार घरातलंच कोणीतरी करत असतं, बहुतेक वेळा मनाने कोंडलेलं, ज्याचं घरात कोणी ऐकत नाही असं माणूस. ते कोण हे कार्यकर्त्याला कळलं तरी गावात सांगायचं नाही, ही समितीची जुनी शिस्त आहे. त्या माणसाशी एकांतात बोलायचं, घरच्यांना समजवायचं, लागली तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायची. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. नाव उघड झालं तर ती पोर किंवा ती सून त्या गावात जगू शकत नाही.

आमच्या वस्तीवर एका मावशींना जट आहे. त्या कापू देतील?

आधी बसून बोला, कात्री पिशवीतच राहू दे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा आपल्या भागावर, विशेषतः जत, मिरजेकडे, मोठा पगडा आहे. केसांत गुंता झाला, धुणं-विंचरणं थांबलं, तेल आणि धूळ बसत गेली की जट होते. पण घरात शब्द पडतो 'देवीचं बोलावणं'. मग वीस-वीस वर्षं ती बाई डोक्यावर ओझं वागवते. मान एका बाजूला झुकलेली, कुशीवर नीट झोप नाही, आत जखमा, उवा, पावसाळ्यात वास.

तयार झालेल्या बाईचा पहिला प्रश्न केसांचा नसतोच. "माझ्या लेकराला काही होणार नाही ना?" याचं उत्तर पुस्तकातून देऊ नका. आधी जट काढलेल्या एखाद्या बाईला शेजारी बसवा. तिची पोरंबाळं धडधाकट आहेत हे तिलाच सांगू द्या. कापून झालं की बाई नकळत हात मानेवर नेते आणि मान दोन्हीकडे फिरवून बघते. फोटो मात्र तिच्या परवानगीशिवाय काढायचा नाही. आणि नंतर महिनाभर तिच्याकडे जाऊन यायचं. घरात कोणाला साधा ताप आला तरी दोष तिच्यावर येतो.

चौकाला नाव द्यावं की पुतळा उभारावा?

गावाने ठरवलं तर माझा विरोध नाही. पण डॉक्टरांनी स्वतःचं काय ठरवलं होतं ते ऐका. त्यांनी देहदान केलं होतं. खुनामुळे शवविच्छेदन करावं लागलं आणि ते राहून गेलं. साताऱ्यात कोणत्याही धार्मिक विधीशिवाय अंत्यसंस्कार झाले, अग्नी मुलीने, मुक्ताने दिला, रक्षा त्यांच्याच शेतात विखुरली. मरणानंतर आपल्या शरीराचं काय व्हावं याचाही ज्याने उपयोगाच्या अंगाने विचार केला, त्याला दरवर्षी हार घालून आपण मोकळे होणार असू तर ती त्याची आठवण म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. ती गोष्ट चांगलीच झाली. पण त्यांचा खरा ठेवा एक कायदा आहे, आणि कायदा कोणी वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

म्हणून माझी सूचना : पुतळ्याचा खर्च काढायची ताकद असेल तर तालुक्यात एक प्रकरण हातात घ्या आणि शेवटापर्यंत न्या. फसवल्या गेलेल्या एका बाईला वकील मिळवून द्या, प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर कोर्टात बसा, एसटीचं भाडं द्या. चौकाला नाव द्यायचंच असेल तर फलकाखाली कायद्याची बारा कलमं मराठीत लिहा. येता-जाता माणूस वाचेल.

खुनाविषयी लहान मुलांशी कसं बोलावं?

खरं सांगावं. "त्यांचं म्हणणं ज्यांना पटत नव्हतं त्यांनी त्यांच्याशी वाद घालायचा सोडून त्यांना मारलं." पाचवीच्या मुलाला एवढं कळतं. गोळ्यांचं वर्णन नको, बदल्याची भाषा नको.

आम्हाला भीती वाटते. कार्यक्रम केला तर काही होईल का?

भीती वाटणं साहजिक आहे, तिची लाज बाळगू नका. कार्यक्रम संस्थेच्या नावाने करा, एकट्याच्या नावाने नको. पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या, पोचपावती घ्या. मुख्याध्यापक, सरपंच, एखादे कीर्तनकार यांना व्यासपीठावर बसवा. धमकीचा फोन आला तर नंबर जपून ठेवा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. बाकी, खुनाच्या बातमीनंतर साताऱ्याच्या रस्त्यांवर जी माणसं उतरली, 'आम्ही सारे दाभोलकर' म्हणाली, त्यांतली बरीचशी आजही इथेच आहेत. हाक मारलीत तर येतील.

वर्गणी काढावी का?

फारशी लागत नाही. लिंबं, जास्वंद, हळद, चुना आणि चहा.

वाचायला काय ठेवावं?

ग्रंथालयात डॉक्टरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे' हवंच. त्यांच्या कामाचा सगळा विचार त्यात एका ठिकाणी सापडतो. शिवाय सांगलीहून निघणारं समितीचं वार्तापत्र लावून घ्या. कुठे कोणतं प्रकरण उघडकीस आलं ते त्यात येतं, आणि शेजारच्या तालुक्याचं नाव वाचल्यावर माणूस जागा होतो.

कार्यक्रम २० ऑगस्टलाच करायला हवा का? त्या दिवशी आमच्या परीक्षा असतात.

नाही. २० ऑगस्ट देशभर राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन म्हणून पाळला जातो, म्हणून त्याला महत्त्व. पण १ नोव्हेंबरला जन्मदिवस आहे, तेव्हा कबड्डीचे सामने ठेवा आणि मध्यंतरात वीस मिनिटं बोला. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आणि कायदा लागू झाल्याचा दिवस एकदम येतो, तेव्हा सकाळी गाव झाडा आणि संध्याकाळी कायदा वाचा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. नायगावला मोठी गर्दी होते, तिथे लिंबाचा प्रयोग दाखवायला एक टेबल आणि दोन उत्साही मुली पुरतात. तारीख ठरवून कळवा, सादरीकरणाचं सामान आणि शिकवायला माणूस आम्ही पाठवतो.